स्वतःची वेबसाइट स्वतः घडवायची आणि टिकवायची, म्हणजे नेमकं काय करायचं?

प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकी संस्थेने २०२४ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ मध्ये इंटरनेटवर असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती. लोकांनी वर्षानुवर्षं ज्या सेवांवर लिहिलं, फोटो चढवले, त्यातल्या कित्येक सेवाही एकेक करून मिटल्या. १९९४ मध्ये सुरू झालेली जिओसिटीज याहूने विकत घेतली आणि २००९ मध्ये जपान वगळता सगळीकडे बंद केली. ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. त्याच वर्षी मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर बदलताना लोकांनी चढवलेली जुनी गाणी, फोटो आणि व्हिडिओ नाहीसे झाले आहेत.

अशी बातमी आली की 'आपली स्वतःची साइट हवी' असं बऱ्याच जणांच्या मनात येतं. मग शोधायला बसलं की डोमेन, होस्टिंग, सीएसएस, रिस्पॉन्सिव्ह असे शब्द एकदम अंगावर येतात आणि 'हे आपलं काम नव्हे' म्हणून विषय तिथेच संपतो. तो तिथे संपू नये म्हणून हा लेख. स्वतःच्या लिखाणाची साइट चालवायला जे शिकावं लागतं ते फार थोडं आहे. ते थोडं एकदा हाताखालून गेलं, की लिखाण दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर राहत नाही.

## वेबपान म्हणजे शेवटी काय?

मजकुराची साधी फाइल. बस. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली ती शास्त्रज्ञांना एकमेकांची टिपणं वाचता यावीत म्हणून. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे तंत्रज्ञान सगळ्यांसाठी खुलं केलं, परवाना नाही की शुल्क नाही. त्या सुरुवातीच्या काळातली पानं आजच्या ब्राउझरमध्येही वाचता येतात. तीसहून अधिक वर्षं जुनी फाइल कसलीही डागडुजी न करता उघडते, असं संगणकाच्या जगात क्वचितच घडतं.

हे स्वतः करून बघायला इंटरनेटसुद्धा लागत नाही. नोटपॅडसारखा कुठलाही साधा एडिटर उघडा. एक वाक्य लिहा. वाक्याच्या आधी कोनी कंसात 'पी' टाका, वाक्यानंतर पुन्हा कोनी कंसात तिरपी रेघ आणि 'पी' टाका. (ही सगळी नावं प्रत्यक्षात रोमन अक्षरांत टाइप करायची.) फाइलला 'इंडेक्स' नाव द्या, पुढे टिंब आणि 'एचटीएमएल'. सेव्ह करताना एन्कोडिंगच्या रकान्यात यूटीएफ-८ आणि प्रकाराच्या रकान्यात 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर एडिटर नावाला मागून 'टीएक्सटी' चिकटवतो. आता फाइलवर दोनदा क्लिक करा. तुमचं वाक्य ब्राउझरमध्ये दिसेल. हे तुमचं वेबपान.

कोनी कंसातल्या त्या खुणेला टॅग म्हणतात. 'पी' म्हणजे परिच्छेद. 'एच-वन' म्हणजे मुख्य मथळा, 'एच-टू' उपमथळा, 'ए' म्हणजे दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा, 'आयएमजी' म्हणजे चित्र. असे टॅग शंभराहून जास्त आहेत, पण लेख लिहिणाऱ्या माणसाचं काम वीसेक टॅगांत भागतं. या खुणांच्या भाषेचं नाव एचटीएमएल. ती मजकुराचा कोणता भाग काय आहे एवढंच सांगते. तो कसा दिसावा, हा तिचा विषय नाही.

## मग दिसणं कोण ठरवतं?

सीएसएस. हाकोन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये ही कल्पना मांडली आणि १९९६ च्या डिसेंबरात तिची पहिली प्रमाण आवृत्ती आली. तोवर रंग, अक्षरांचा आकार वगैरे सगळं मजकुराच्या फाइलीतच कोंबावं लागे. सीएसएसने ते वेगळं काढलं. एका स्वतंत्र फाइलीत 'सगळे मथळे गडद निळे, सगळे परिच्छेद एवढ्या रुंदीचे' असे नियम लिहायचे आणि साइटवरच्या प्रत्येक पानाने ती फाइल वापरायची. दहा वर्षांनी रूप बदलावंसं वाटलं तर एकच फाइल बदलायची. लेखांना हातही लावायचा नाही.

शिकताना माणूस अडतो तो इथे. 'मी रंग बदलला, पण पानावर बदललाच नाही' ही तक्रार प्रत्येक शिकणाऱ्याची असते आणि कारणं बहुतेक वेळा तीनच असतात. फाइल सेव्ह केलेली नसते. किंवा ब्राउझरने जुनी फाइल साठवून ठेवलेली असते आणि तो तीच दाखवत असतो. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून आर दाबलं की बहुतेक ब्राउझर नव्याने फाइल आणतात. तिसरं कारण खरं महत्त्वाचं आहे. एकाच गोष्टीवर दोन नियम लागू होत असतात आणि दुसरा नियम वरचढ ठरतो. जो नियम जास्त नेमका, तो जिंकतो. दोन्ही सारखेच नेमके असतील तर नंतर लिहिलेला जिंकतो. 'सगळे परिच्छेद काळे' आणि 'प्रस्तावनेतले परिच्छेद राखाडी' असे दोन नियम असतील, तर प्रस्तावना राखाडीच दिसणार, क्रम काहीही असो.

हे डोळ्यांनी बघता येतं. संगणकावर कुठलंही पान उघडून एफ-१२ दाबा. बाजूला एक पट्टी उघडेल. तिच्यात त्या पानाचं सगळं एचटीएमएल आणि प्रत्येक भागावर लागलेले सीएसएसचे नियम दिसतात. हरलेल्या नियमावर आडवी रेघ मारलेली असते. तिथल्या तिथे रंग बदला, अक्षरं मोठी करा, मथळा खोडून स्वतःचा लिहा. पान तुमच्या डोळ्यांसमोर बदलेल आणि रिफ्रेश केलं की पूर्ववत होईल, कारण बदल फक्त तुमच्या संगणकावर झालेला असतो. आवडलेल्या साइटवर असा तासभर घालवला, तर विकतच्या कोर्सचे पहिले कित्येक धडे आपोआप होऊन जातात, असं माझं ठाम मत आहे. आणि एखाद्या नियमाचा अर्थ कळला नाही तर एमडीएन नावाचा मोफत संदर्भकोश आहे, त्यात त्याचं नाव शोधायचं.

तिसरी भाषा जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये तिची पहिली आवृत्ती दहा दिवसांत लिहिली. पान हलतं-बोलतं करायचं असेल, फॉर्म तपासायचे असतील तर ती लागते. लेख वाचायला देणाऱ्या साइटला ती लागत नाही. सुरुवातीला सोडून द्या.

## डिझाइन म्हणजे चित्रकला यावी लागते का?

नाही यावी लागत. लिखाणाच्या साइटचं डिझाइन म्हणजे मुख्यतः मजकूर सुखाने वाचता येणं, आणि त्यासाठी सीएसएसच्या चार-पाच ओळी पुरतात. ओळ फार लांब नको. डोळा पुढच्या ओळीवर उतरताना चुकतो. रुंदीला कमाल मर्यादा घाला. अक्षरं आणि पार्श्वभूमी यांच्यात पुरेसा फरक ठेवा. जगभर वापरल्या जाणाऱ्या सुलभता-निकषांत साध्या मजकुरासाठी दोन्हींच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असं दिलेलं आहे आणि ते मोजून देणारी मोफत साधनं आहेत. फिकट राखाडीवर जरा गडद राखाडी अक्षरं देखणी वाटतात खरी, पण उन्हात फोन धरलेल्या माणसाला ती दिसत नाहीत.

फोनचा विषय निघालाच आहे तर रिस्पॉन्सिव्ह हा शब्दही उरकून टाकू. २०१० मध्ये इथन मार्कॉट यांनी तो रूढ केला. पडदा लहान असो की मोठा, पानाने स्वतःला जुळवून घ्यावं, एवढाच त्याचा अर्थ. साधं एचटीएमएल मुळातच असं लवचीक असतं; आपणच ठरावीक पिक्सेलांची रुंदी देऊन ते ताठ करतो. फक्त पानाच्या सुरुवातीला 'व्ह्यूपोर्ट'ची एक ओळ घालावी लागते. ती नसली तर फोन समजतो की पान मोठ्या पडद्यासाठी आहे आणि सगळं बारीक करून दाखवतो.

## मराठीत लिहायचं तर वेगळं काय करावं लागतं?

इथे जरा थांबायला हवं, कारण बहुतेक शिकवण्या रोमन लिपी गृहीत धरून लिहिलेल्या असतात.

संगणकाच्या लेखी प्रत्येक अक्षर म्हणजे एक क्रमांक. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक, हे युनिकोड ठरवतं. तो क्रमांक फाइलीत साठवायची आज सर्वत्र चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८, केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये तयार केलेली. 'मराठी' हा शब्द घ्या. युनिकोडच्या हिशेबात त्यात पाच चिन्हं आहेत: म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे हा शब्द झाला पंधरा बाइटांचा. ब्राउझरला पद्धत सांगितली नाही आणि त्याने पश्चिम युरोपातली जुनी पद्धत गृहीत धरली, तर तो प्रत्येक बाइट हे वेगळं अक्षर समजतो. मग 'मराठी'च्या जागी डोक्यावर रेघोट्या असलेल्या रोमन अक्षरांची आणि चित्रविचित्र चिन्हांची रांग उमटते. उपाय एका ओळीचा आहे: पानाच्या अगदी सुरुवातीला 'कॅरसेट यूटीएफ-८' असा टॅग.

दुसरी ओळ भाषेची. पानाची भाषा 'एमआर' म्हणजे मराठी आहे असं सांगितलं, की दृष्टिहीन वाचकांसाठी पान मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं. शिवाय ल आणि श यांची मराठी आणि हिंदी वळणं वेगळी असतात. काही फॉन्टांत दोन्ही वळणं भरलेली असतात आणि पानाची भाषा बघून योग्य ते निवडलं जातं.

सीएसएसमध्ये दोन गोष्टी सांभाळा. रोमनसाठी ठरवलेलं ओळींमधलं अंतर देवनागरीला अपुरं पडतं, कारण आपल्या मात्रा, रफार, अनुस्वार वर जातात आणि उकार खाली उतरतात. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीपेक्षा थोडं जास्त अंतर ठेवलं की पान मोकळं होतं. आणि दोन अक्षरांमधलं अंतर वाढवायचा जो नियम असतो, तो देवनागरीला कधीच लावू नका. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. तयार टेम्प्लेटांत मथळ्यांना हा नियम हमखास लावलेला असतो. तो शोधून काढून टाकावा लागतो.

जुनं लिखाण शिवाजी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांत असेल तर ते तसंच चढवून उपयोग नाही. त्या फाइलीत आत रोमन अक्षरांचेच क्रमांक असतात, वरून फक्त देवनागरीचा आकार दिलेला असतो. वाचकाकडे तो फॉन्ट नसला तर अर्थहीन अक्षरं दिसतात आणि शोधयंत्रालाही त्यात मराठी सापडत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायचा आणि मग ओळ न् ओळ वाचून काढायची, कारण रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार जागा सोडतात.

## डोमेन आणि होस्टिंग यांत फरक काय?

फाइली चोवीस तास चालू असलेल्या संगणकावर ठेवण्याची सोय म्हणजे होस्टिंग. तिथवर पोहोचवणारं नाव म्हणजे डोमेन. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते ना, तसंच हे नातं आहे. नाव तुमच्याकडे असलं की होस्टिंग देणारी कंपनी महाग झाली, बिघडली किंवा बंद पडली तरी फाइली दुसरीकडे ठेवायच्या आणि नाव तिकडे वळवायचं. वाचकाला काही कळतही नाही. म्हणून पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते डोमेनवर करा. निव्वळ एचटीएमएल-सीएसएसच्या साइटला गिटहब पेजेससारख्या ठिकाणी मोफत जागा मिळते.

डोमेन कायमचं विकत मिळत नाही, ते मुदतीने नोंदवायचं असतं; डॉट कॉमसारख्या नावांची नोंदणी एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांची. मुदत संपत आली की नोंदणी करणारी कंपनी ईमेल पाठवते, आणि चांगली चांगली नावं हातची जातात ती तिथेच. तो ईमेल पत्ता नोकरीच्या ठिकाणचा असतो आणि नोकरी बदललेली असते. किंवा पत्ता त्याच डोमेनवरचा असतो, म्हणजे डोमेन बंद पडलं की सूचना येण्याचा रस्ताही बंद. नोंदणी स्वतःच्या नावावर, कायम वापरातल्या वेगळ्या ईमेलवर करा आणि स्वयंचलित नूतनीकरण चालू ठेवा. 'साइट करून देतो' म्हणणाऱ्याच्या नावावर डोमेन कधीही घेऊ देऊ नका.

साइट आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण वाटेत कुणी वाचू नये म्हणून लागणारं प्रमाणपत्रही (काही ब्राउझर त्यासाठी पत्त्याशेजारी कुलूप दाखवतात) आता विकत घ्यावं लागत नाही. लेट्स एन्क्रिप्ट ही ना-नफा सेवा २०१५ पासून ते मोफत देते आणि बहुतेक होस्टिंग कंपन्या ते आपोआप बसवतात.

## वर्डप्रेस असताना हे हाताने का करायचं?

२००३ मध्ये आलेलं वर्डप्रेस उत्तम आहे. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात. रोज लिहिणाऱ्याला, अनेक लेखक असलेल्या साइटला ते सोयीचं पडतं. पण त्यात प्रत्येक पान डेटाबेसमधून मजकूर काढून दर वेळी नव्याने जुळवलं जातं, आणि वर प्लगइन नावाची जोडसॉफ्टवेअरं असतात. ही सगळी यंत्रणा वेळच्या वेळी अपडेट करत राहावं लागतं. वर्डप्रेस साइटवरचे हल्ले बहुधा न सुधारलेल्या प्लगइनमधूनच होतात. नुसत्या फाइलींच्या साइटवर फोडायला असं काही नसतंच. वर्षभर लक्ष दिलं नाही तरी ती तशीच उभी राहते.

पन्नास-साठ लेख झाले की प्रत्येक पानावर तेच शीर्षक आणि तोच मेनू हाताने बदलणं जिकिरीचं होतं. तेव्हा ह्यूगो किंवा जेकिलसारखं साधन घ्यावं. तुम्ही साध्या मजकुरात लिहायचं, ते सगळी पानं तयार करून देतं. आधी दहा पानं हाताने केलेली असली तर हे साधन काय करतंय ते लगेच समजतं. नाहीतर एक कोडं सोडवायला दुसरं कोडं आणल्यासारखं होतं.

## एआय अख्खी साइट करून देतं, मग शिकायचं कशाला?

करून देतं हे खरं. पण ती टिकवायची तुम्हालाच आहे. एआयने दिलेल्या तीनशे ओळींतल्या साठच गरजेच्या आहेत हे ओळखता यायला हवं, आणि सहा महिन्यांनी काही बिघडलं तर कुठे बघायचं हेही. शिकवणी म्हणून मात्र ते फार कामाचं आहे. आपण लिहिलेली ओळ दाखवून 'ही का चालत नाही' असं विचारावं, उत्तर स्वतः हाताने टाइप करून बघावं.

याचीच दुसरी बाजू अशी की एआय घडवणाऱ्या कंपन्यांचे प्रोग्राम साइटवरचा मजकूर गोळा करत फिरतात. 'रोबॉट्स' नावाची एक छोटी फाइल ठेवून त्यांना नकार कळवता येतो. ही पद्धत १९९४ पासूनची आहे, पण ती विनंती आहे, कुलूप नव्हे. न पाळणाऱ्याला ती अडवू शकत नाही. जे कुणाच्याच हाती लागू नये ते उघड्या साइटवर ठेवूच नये.

## वाचक तर सोशल मीडियावर आहेत

आहेत, आणि तिथे जरूर जावं. लेख आधी स्वतःच्या पत्त्यावर टाकायचा आणि मग त्याचा दुवा तिकडे द्यायचा, एवढा क्रम पाळला की मूळ प्रत आपल्याकडे राहते. सोबत आरएसएस ठेवा. नवीन लेख आल्याचं कळवणारी ही एक छोटी फाइल असते, १९९९ पासून चालत आलेली. गूगलने २०१३ मध्ये आरएसएस वाचायची आपली 'रीडर' ही सेवा बंद केली तेव्हा आरएसएस संपलं असं बरेच जण समजले. प्रत्यक्षात ती फाइल कुणा एका कंपनीची नव्हतीच. वाचक दुसरी अ‍ॅप वापरून आजही तीच वाचतात.

## रोजची देखभाल किती?

थोडी, पण ती चुकवून चालत नाही. प्रसिद्ध झालेल्या लेखाचा पत्ता बदलू नका, कारण कुणीतरी कुठेतरी त्याचा दुवा दिलेला असतो. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण लावा. फोनमधला फोटो अनेकदा चार-पाच एमबीचा असतो. रुंदी बाराशे पिक्सेलांच्या आसपास आणली तर काही पटींनी हलका होतो. चढवण्याआधी त्यात दडलेली माहितीही काढून टाका, कारण फोटो कुठे काढला तो ठावठिकाणा त्यात असू शकतो, आणि तो बऱ्याचदा तुमच्या घराचाच असतो. प्रत्येक चित्राला एका वाक्याचं वर्णन जोडा. संपूर्ण साइटच्या तीन प्रती असू द्या आणि त्यातली एक वेगळ्या जागी ठेवा.

ज्यांचं लिखाण आधीच कुठल्यातरी सेवेवर आहे त्यांनी नवी साइट बांधायला घेण्याआधी ते उतरवून घ्यावं. ब्लॉगर, वर्डप्रेस, फेसबुक या सगळ्यांच्या सेटिंगमध्ये तशी सोय आहे. उतरवलेली फाइल एकदा उघडून बघा. वर्डप्रेसच्या निर्यात-फाइलीत लेख आणि प्रतिक्रिया असतात, पण चित्रांचे नुसते पत्ते असतात. चित्रं स्वतः त्या फाइलीत येत नाहीत. ती वेगळी उतरवून घ्यावी लागतात, आणि तेही जुनी साइट चालू असेतोवरच.